शनिवारवाड्यातला चित्रवर्ग

शनिवारवाड्यात काय काय घडले याची नोंद पुण्याच्या इतिहासकारांनी फार बारकाईने ठेवली आहे. मसलती, सनदा, मुंजी, मेजवान्या, खून, सगळे आहे. याच वाड्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस काही वर्षे चित्रकलेचा एक वर्ग भरत होता, ही गोष्ट मात्र बहुतेकदा एका वाक्यात उरकली जाते. त्या वाक्यात एक इंग्रज वकील असतो, एक स्कॉटिश चित्रकार असतो आणि गंगाराम तांबट नावाचा एक हुशार विद्यार्थी असतो. वाक्य संपले की इतिहासकार पुन्हा मसलतीकडे वळतो.

आम्ही या वर्गाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू इच्छितो. विद्यार्थ्यांच्या हाती तिथे काय दिले गेले? कागद कसला, रंग कसले, रेघ कशाने ओढायची? वर्गात येण्याआधी त्या हातांना काय येत होते आणि वर्गाने त्यांच्याकडून काय काढून घेतले? चित्रकलेचा इतिहास नावांचा आणि शैलींचा लिहिला जातो. सामानाचा इतिहास कुणी लिहीत नाही, कारण सामान बनवणारे बहुधा खालच्या पेठांत राहणारे असतात.

आधी हकीकत. सर चार्ल्स मॅलेट हा कंपनी सरकारचा रेसिडेंट १७८६ साली पुण्याला आला. त्याची रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर होती. मॅलेट मुत्सद्दी तर होताच, शिवाय त्याला लेण्यांचा, जनावरांचा, चालीरीतींचा भारी नाद होता. दिसेल ते चित्रात उतरवून घ्यावे अशी त्याची वृत्ती. यात निव्वळ कलाप्रेम होते असे आम्ही मानत नाही. ज्या मुलखाशी व्यवहार करायचा त्याची चित्रे हाताशी असलेली बरी, हा हिशेब त्यात होताच. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा चित्रकार. तो १७९१ मध्ये मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यास येऊन दरबारातल्या लोकांची तैलचित्रे करू लागला. सवाई माधवराव आणि त्याच्या शेजारी बसलेले नाना फडणवीस हे त्याचे प्रसिद्ध चित्र १७९२ चे. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पुण्यातल्या शाळकरी पुस्तकांत नानांचा जो उभट, सावध चेहरा आपण पाहिला, त्याच्या मुळाशी वेल्सचाच कुंचला आहे.

मॅलेटच्या सूचनेवरून पेशव्याने वाड्यात जागा दिली आणि एतद्देशीय कारागिरांना विलायती पद्धतीने चित्र काढायला शिकवणारी शाळा सुरू झाली. पेशवा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना होता. त्यात वाघ, सिंह, गेंडा अशी जनावरे होती आणि चित्रांतही त्याला रस असावा.

या शाळेत सर्वांत नाव झाले ते गंगाराम चिंतामण तांबट याचे. आडनाव नवगिरे, जात तांबट. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन हंडे-कळशा घडवणाऱ्यांची ही जात. गंगारामला मूर्तिकामही येत होते. इथे एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पेशव्याच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे गंगारामने काढलेले चित्र १७९० चे आहे. वेल्स पुण्यात आला १७९२ मध्ये. म्हणजे वर्गात बसण्याच्या दोन वर्षे आधीच हा माणूस समोर उभ्या जनावराकडे बघून त्याच्या कातडीच्या वळ्या कागदावर आणत होता. त्याला 'विलायती गुरूने घडवलेला नेटिव्ह' म्हणणाऱ्यांनी ही तारीख पुन्हा वाचावी. नवशिक्यांच्या वर्गात तो आला खरा, पण नवशिका नव्हता.

मग वर्गाने त्याला नवे काय दिले? हे समजायला जुनी तालीम कशी होती ते पाहावे लागते.

दख्खनेत चित्रकार तयार व्हायचा तो कारखान्यात, उस्तादाच्या हाताखाली. पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना आला की पहिली काही वर्षे त्याच्या हाती कुंचला येतच नसे. त्याने रंग खलायचे. हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, शेंदूर, जंगाल, सफेदा, काजळी. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. हिंगूळ जितका खलावा तितका उजळतो. हरताळ विषारी असते आणि शेजारच्या रंगाशी भांडते. काजळी पाण्यात बुडतच नाही, ती आधी डिंकाबरोबर घोटावी लागते. जंगाल म्हणजे तांब्यावर आंबट चढवून काढलेला हिरवा रंग. तो दिसतो सुरेख, पण वर्षे गेली की खालचा कागद खाऊन टाकतो. जुन्या पोथ्यांत झाडाच्या जागी भोक पडलेले दिसते ते या जंगालाचे काम. खललेल्या रंगात डिंक घालायचा, बाभळीचा किंवा धावड्याचा. कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. हे प्रमाण कुठल्या पोथीत लिहिलेले नसे, ते बोटांना माहीत व्हावे लागे.

कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. तोही आपला आपण बांधायचा. कागदाचे दोन-तीन ताव खळीने एकावर एक चिकटवून 'वसली' करायची. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे म्हणजे कसर लागत नाही. वसली वाळली की पालथी घालून गुळगुळीत दगडाने घोटायची. मग चिंचेच्या काडीच्या कोळशाने कच्ची आकृती, त्यावर गेरूची रेघ, वरून पांढऱ्याचा पातळ हात, त्यातून पुसट दिसणाऱ्या आकृतीवर पुन्हा पक्की रेघ. एखादी आकृती वारंवार लागत असली तर तिचा खाका ठेवलेला असे. रेघेवर सुईने भोके पाडायची आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून झाडायची. रंग एकावर एक थर देत भरायचा आणि मधूनमधून मागून घोटत राहायचे. इतके झाल्यावर मग शेवटी डोळे.

या शब्दांकडेही वाचकांनी जरा लक्ष द्यावे. कागद, दस्ता, शाई, कलम, दफ्तर, सफेदा, जंगाल हे सगळे फारसी-अरबी वाटेने मराठीत आले. त्यांच्या बरोबरीला हिंगूळ, हरताळ, काजळ हे इथलेच. आणि खुद्द 'रंग' हा शब्द संस्कृतातही आहे आणि फारसीतही, दोघांनी एकमेकांना विचारून ठेवला नसेल कदाचित. पेशव्यांचा कारकून सकाळी संध्या करून दफ्तरात येई आणि हे सारे शब्द दिवसभर वापरी. त्याला त्यात काही परके वाटत नव्हते. ते परके आहेत असे सांगणारे नंतर जन्मले.

या तालमीतून काय निघत असे त्याचा एक अस्सल नमुना पुण्यातच आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही फारसी काव्याची सचित्र पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची आणि त्याची बेगम खुंजा हुमायून हिची स्तुती तीत केली आहे. ही बेगम म्हणजे चांदबिबीची आई. तालिकोटच्या लढाईनंतर १५६५ मध्येच हुसेन वारला, मुलगा लहान होता, म्हणून कारभार बेगमेच्या हाती गेला आणि १५६९ च्या सुमारास तिला पकडून तो काढून घेतला गेला. पोथी या चार वर्षांतली मानतात. दख्खनी चित्रशैलीच्या आज माहीत असलेल्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. चित्रांत राजाशेजारी बेगम बसलेली होती. होती असे म्हणायचे, कारण बहुतेक ठिकाणी तिच्यावर रंगाचा हात फिरवलेला आहे किंवा ती खरवडून काढली आहे. अपारदर्शक रंगाची मौज अशी की वरचा थर कालांतराने हलका पडतो आणि खालची आकृती पुसटशी वर येते. सिंहासनावर राजाला टेकून एक सावली बसलेली दिसते.

आमच्या घरातले एखादे मूल चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागले की कुणीतरी वडीलधारे हमखास विचारतात, आपल्यात हे चालते का? आम्ही फतवे देणारे नव्हेत. एवढेच सांगू की या पोथीत राजा शाबूत आहे, नोकरचाकर शाबूत आहेत, पुसली आहे ती एकटी राणी. चित्र पुसणाऱ्याला चित्राचे वावडे नव्हते, कारभार करणाऱ्या बाईचे होते. धर्माच्या नावावर खपवलेली कित्येक कामे मुळात दरबारी असतात.

आता कागदाकडे येऊ, कारण आमच्या मते या सगळ्या हकिकतीची मेख कागदात आहे.

शनिवारवाड्यापासून कसब्यात शिरले की थोड्या अंतरावर कागदीपुरा लागतो. पेशवाईत दफ्तराचा पसारा वाढला तसा कागद अपुरा पडू लागला आणि जुन्नरचे मुसलमान कागदी पुण्यात येऊन वसले. त्याआधीही जुन्नरी आणि दौलताबादी कागदाचे नाव मुलूखभर होते. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव आजही त्या धंद्याच्या नावानेच ओळखले जाते. कसब्यातच तांबट आळीही आहे. हातोड्यांचा ठणठणाट आणि लगदा कुटणाऱ्या ढेकीचा धपधपाट एकाच पेठेत ऐकू येत असला पाहिजे.

कागद करणे हे अंगमेहनतीचे काम. ताग, जुने दोर, गोणपाट, चिंध्या यांचे तुकडे करून चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस कुजवायचे. मग ढेकीखाली कुटायचे, नदीवर नेऊन धुवायचे, पुन्हा चुना, पुन्हा कुटणे, पुन्हा धुणे. तंतू मोकळे होऊन दुधासारखा लगदा होईपर्यंत हे चालायचे. तो लगदा पाण्याच्या टाक्यात सोडायचा. टाक्याच्या काठावर कागदी उकिडवा बसतो, गवताच्या बारीक काड्यांची जाळी चौकटीवर ताणून पाण्यात बुडवतो, आडवी हलवतो, उचलतो. पाणी गळते, जाळीवर साय राहते. ती साय म्हणजे ताव. तावांची थप्पी दाबून पाणी काढायचे, एकेक ताव गुळगुळीत केलेल्या भिंतीवर लावून वाळवायचा, त्याला गव्हाची किंवा तांदळाची खळ द्यायची, पुन्हा वाळवायचा आणि शेवटी लाकडी फळीवर ठेवून दगडाने घोटायचा. घोटण्याच्या कामात घरातल्या बायकामुलांचे हात लागत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले लाखो मोडी कागद अशा मेहनतीतून निघालेले आहेत. दोन-अडीचशे वर्षांनंतरही ते उलगडतात आणि वाचता येतात, त्याचे श्रेय लिहिणाऱ्याच्या अक्षराइतकेच कागद्याच्या चुन्याला आहे.

खळ देऊन घोटलेला हा कागद बोरूसाठी बनलेला होता. शाई पसरत नाही, टोक अडकत नाही, रेघ स्वच्छ उमटते. उस्तादाच्या चित्रालाही हाच गुण हवा असे. आणि इथेच वेल्सच्या वर्गाने गणित बदलले.

विलायती जलरंगाची पद्धत पारदर्शक. तीत पांढरा रंग लावायचा नसतो, पांढरे म्हणजे न रंगवता सोडलेला कागद. ढग हवा असेल तर ढग सोडून आकाश रंगवायचे. आपल्याकडे सफेदा हा रंगांचा राजा, मोत्याची माळसुद्धा सफेद्याचे टिपके उठवून घालायची. या दोन विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकात चित्र कागदावर बसते, दुसऱ्यात कागद हाच चित्राचा उजेड असतो. पाणी भरपूर घेतलेला कुंचला कागदभर ओढत नेण्याच्या त्या पद्धतीला घोटीव कागद उपयोगी नाही. रंग त्यावर सरकतो, डबकी करतो आणि खळ विरघळली की खालून लोकर निघते. तिथे जाड, किंचित खरबरीत आणि सरस दिलेला कागद लागतो. इंग्लंडात जेम्स व्हॉटमनच्या कारखान्यातून जाळीच्या खुणा नसलेला सलग पोताचा कागद १७५७ पासून छापील पुस्तकांत दिसू लागला आणि पुढे जलरंगवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. त्याला दिलेला सरस कातड्या-हाडांचा. तेलरंगाचे तर विचारूच नका. कथलाच्या नळीचा शोध १८४१ चा, त्याआधी खललेला तेलरंग विलायतेत डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. सोवळ्याच्या त्या वाड्यात या गोष्टीची चौकशी कुणी केली नसावी, हे कलेचे नशीब.

रंगाच्या वड्याही त्याच सुमाराच्या. लंडनच्या रीव्ह्ज बंधूंना पाण्यात भिजवून लगेच वापरता येणाऱ्या वड्यांसाठी १७८१ मध्ये तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने बक्षीस दिले. त्याआधी तिकडचे चित्रकारही आपापले रंग खलतच होते. लाकडी पेटी उघडावी, वडी ओली करावी आणि सुरू व्हावे, ही सोय तेव्हा खुद्द विलायतेतही ताजी होती. लष्करातल्या आणि दौऱ्यावरच्या साहेबांना ती फार मानवली. शिसपेन्सिलीची गोष्टही अशीच. तिच्यात शिसे कधीच नव्हते, होते ते ग्रॅफाइट. ते इंग्लंडच्या खाणीतून येई. युद्धामुळे फ्रान्सला मिळेनासे झाले तेव्हा १७९५ मध्ये निकोला कोंते याने ग्रॅफाइटची पूड मातीत मिसळून भाजली आणि कठीण-मऊ अशा हव्या त्या प्रतीच्या पेन्सिली करण्याचा मार्ग काढला. आज पहिल्या वर्षाचे पोर टू-बी, फोर-बी मागते ते त्या युद्धाच्या कृपेने.

पेटीच्या झाकणाखाली पाहिले तर परके असे त्यात फारसे नव्हतेच. वडीतला डिंक बाभळीच्या भाऊबंदांचा. नीळ हिंदुस्थानातून जाई. तेलरंगातले तेल जवसाचे, ज्या जवसाची चटणी आपल्याकडे भाकरीबरोबर खातात. गेरू तर दोन्हीकडे मातीच. सामान ओळखीचे होते, फक्त ते आता तयार होऊन, वडी बनून, किंमत लावून येत होते. शिकणाराने ते करायचे नव्हते, वापरायचे होते. वर्गाची खरी क्रांती आम्हांला ही वाटते. उजेड-सावली आणि दूरदृश्याचे नियम शिकवले गेले हे खरेच, आणि गंगारामने ते झपाट्याने उचलले. वेरूळच्या लेण्यांची त्याने १७९३ च्या सुमारास मॅलेटसाठी काढलेली चित्रे पाहिली की खांबांच्या रांगा कशा आत आत जातात आणि अंधार कसा दाट होत जातो ते कळते. पर्वतीवर दक्षिणा वाटली जात असतानाचे त्याचे चित्रही तसेच, टेकडी टेकडीसारखी दूर आणि माणसे मुंग्यांसारखी. पण हे नियम शिकवता शिकवता वर्गाने चित्र काढणे आणि चित्राचे सामान करणे यांची फारकत केली. उस्तादाच्या कारखान्यात एकाच पोराला दोन्ही येत होते.

वर्ग टिकला मोजकी वर्षे. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून पडून गेला. पुढच्याच महिन्यात वेल्सही तापाने वारला, साष्टीतल्या कान्हेरी लेण्यांत काम करताना तो आजारी पडला होता. मॅलेट १७९७ मध्ये पुण्यातून गेला. विलायतेत जाऊन त्याने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केले, त्यामुळे गुरूची आणि शिष्याची चित्रे एकाच घरात राहिली. वेरूळची चोवीस मोठी चित्रे टॉमस डॅनिएलने १८०३ मध्ये लंडनला छापून काढली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर रेखाटने जेम्स वेल्सची असे म्हटले आहे. गंगारामचे नाव तिथे नाही. त्याची मूळ चित्रे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात, पॉल मेलन याच्या संग्रहातून पोहोचली आहेत. अलीकडच्या काळात होली शॅफर या विदुषीने त्यांच्यावर बारकाईने लिहिल्यामुळे तो तळटिपेतून वर आला. शनिवारवाडा तर १८२८ च्या फेब्रुवारीत जळालाच. वर्ग कुठल्या चौकात भरत असेल ते आता दगडी जोत्यांकडे बघून ज्याने त्याने ठरवावे.

पुढची कथा मुंबईची आहे आणि सर्वांना ठाऊक आहे. १८५७ साली सर जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून आर्ट स्कूल निघाले, प्लॅस्टरचे पुतळे आले, घन-शंकू-गोल यांना छटा देण्याचे धडे आले, आणि मराठी मुलखातल्या ड्रॉइंग मास्तरांच्या पिढ्या त्याच वळणावर तयार झाल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या कुणालाही ते वळण सांगायला नको.

या शाळेतून गेलेल्या एकाच माणसाबद्दल इथे थांबू. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घराण्यातले. म्हणजे शाई घोटणे, कागद आखणे, समासात वेलबुट्टी भरणे हे त्यांनी लहानपणी घरातच पाहिले. १८८० च्या दशकात ते मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले, बक्षिसे मिळवली, परत कोल्हापूरला गेले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने आयुष्यभर चित्रे काढत राहिले. रंकाळ्याकाठच्या संध्यामठाचे त्यांचे चित्र पाहा. रंगाचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पाण्यावरचा उजेड उभा केला आहे. समीक्षक तिथे फ्रान्सची आठवण काढतात. काढोत बापडे. आम्हांला मात्र त्या ठिपक्यांत समासावर कलमाचे टिंब टिंब ठेवणारा कातिबाचा हात दिसतो. महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्यांनी आपली शेकडो चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली असे सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. घरची तालीम आणि शाळेची तालीम एकाच हातात नांदल्याचे असे दाखले आपल्याकडे थोडे आहेत, आणि आपल्या समाजातल्या मुलांना तर हे नावसुद्धा क्वचित माहीत असते.

कागद्यांचे पुढे काय झाले? गिरणीचा कागद आला, तुरुंगातल्या कारखान्यांचा कागद आला. १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्यालाच कागदाची गिरणी निघाली. कचेऱ्यांनी हातकागद घेणे बंद केले. सरकारी कारकुनाला ताव स्वस्त आणि एकसारखा हवा होता, आणि चित्रकाराला तर कागदीपुऱ्याचा कागद पेटी आली तेव्हापासूनच नको होता. दोन्ही गिऱ्हाइके गेल्यावर ढेकी कशासाठी चालवायची? कागदीपुऱ्यात आज कागद होत नाही. गल्लीला नाव आहे आणि काही घराण्यांना कागदी, कागजी हे आडनाव आहे. स्वदेशी आणि ग्रामोद्योगाच्या लाटेत १९४० साली शिवाजीनगरला हातकागदाची संस्था उभी राहिली. हा धंदा पुण्यात सर्वस्वी बुडाला नाही तो तिच्यामुळे. परंतु संस्थेतला कागद शिकवून येतो आणि कागदीपुऱ्यातला जन्माने येत होता, हा फरक उरतोच.

पुण्यातल्या एका कला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात आम्ही काही दिवस मागच्या बाकावर बसलो. पन्नासेक मुले, निम्म्याहून जास्त मुली. दोघी-तिघी स्कार्फ बांधलेल्या, कोंढव्याहून आणि कॅम्पातून बसने येणाऱ्या. ड्रॉइंग बोर्ड, क्लिपा, कार्ट्रिजचे ताव, दोन-सहा-दहा नंबरचे कुंचले, उंटाचे चित्र असलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्या. या उंटाचे घराणे मराठीच, दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरुवात केली होती. २०११ मध्ये कंपनीचा मोठा वाटा जपानच्या कोकुयोने घेतला, उंट मात्र तोच राहिला. पोस्टर कलर अपारदर्शक असतो, त्यात पांढरा मनसोक्त वापरता येतो. म्हणजे सफेद्याचा जुना विचार बाटलीत बसून वर्गात परत आलेला आहे, हे मुलांना कुणी सांगत नाही. जलरंगाच्या तासाला मात्र मॅडम ओरडत होत्या, पांढरा ठेवून दे, कागद सोड, कागद सोड! दोन्ही धडे एकाच आठवड्यात.

मग एका दिवशी त्यांनी सर्वांना गेरूचा खडा आणि बाभळीचा डिंक आणायला सांगितला. कुंड्या रंगवायचा गेरू, आणि डिंक मंडईतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून. काचेवर पाणी टाकून दगडाने खलायचे. पहिल्या तासाला कुणाचा रंग सांडला, कुणाचा कागदावरून भुकटी होऊन उडाला, एकीचा वाळल्यावर तडकला. दुसऱ्या तासाला डिंक मोजून घालणे सुरू झाले. तिसऱ्या तासाला एका मुलीने बोटाने रंग चाचपून, न मोजता, थेंबभर डिंक आणखी टाकला आणि तो बरोबर बसला. कसे कळले असे मॅडमनी विचारले तेव्हा तिला सांगता आले नाही. मधल्या टेबलावर स्टिल लाइफसाठी मांडून ठेवले होते ते नेहमीचेच सामान, एक घडी मोडलेला पडदा, दोन कांदे आणि ठोक्यांच्या खुणा असलेला तांब्याचा हंडा. मुलांनी तो गेरूने रंगवला. चकाकी जिथे हवी होती तिथे काहींनी कागद सोडला आणि काहींनी पांढरा लावला.